एसी-फ्रिजचं काम ऑनलाइन शिकताय? आधी करंट, मग गॅस

माझ्याकडे हेल्पर म्हणून जी पोरं येतात त्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइलवर एसीचा एखादा कोर्स केलेला असतो, सर्टिफिकेटचा पीडीएफ पण असतो, आणि तरी मीटर हातात दिला की सिलेक्टर कुठे फिरवायचा तिथेच अडकतात. पोरं हुशार असतात, मेहनती असतात, पण शिकायचा क्रम उलटा झालेला असतो. पहिला व्हिडिओ बघितलेला असतो गॅस भरायचा, पहिली खरेदी झालेली असते गेजची (गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरची), आणि वीज राहून गेलेली असते. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहून शिकायचं कसं ते. रायगडवाल्यांनाही चालेल.

ऑनलाइन कोर्सने डोकं तयार होतं, हात नाही. दोन्ही बरोबरीने चालवायचे असतील तर खालचा एकही टप्पा गाळू नका.

## टप्पा १: महिना बघून सुरुवात करा

कोकणात हे काम वर्षभर सारखं नसतं. फेब्रुवारी संपत आला की फोन वाजायला लागतात, मे महिन्यात चाकरमानी गावी आले, होमस्टे भरले की मिस्त्रीला जेवायला फुरसत नसते, आणि जूनमध्ये पाऊस लागला की काम एकदम खाली येतं. आता होतं काय, पोरं एप्रिलमध्ये एसीचे फोन बघून कोर्स लावतात, त्या वेळी त्यांना शिकवायला कोणाला वेळ नसतो, आणि पावसात मिस्त्री मोकळा असतो तेव्हा यांचा उत्साह संपलेला असतो.

मी सांगतो तो क्रम असा. जून ते गणपती फक्त वीज. गणपती ते दिवाळी कूलिंगची सायकल आणि प्रेशरचा चार्ट. दिवाळी ते डिसेंबर पाइप, फ्लेअर (नटाच्या जोडासाठी पाइपचं तोंड शंकूसारखं पसरवणं), ब्रेझिंग (ज्योतीवर धातू वितळवून पाइपचे सांधे जोडणं). जानेवारीपासून मिस्त्रीबरोबर बाहेर. जानेवारी-फेब्रुवारीत सीझनच्या आधीच्या सर्व्हिस चालू असतात, घाई नसते, शिकायला तोच काळ सगळ्यात चांगला.

जून हुकला तर काय? आठवडे कमी करा, क्रम बदलू नका.

आणि एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. दहावी झालेली आहे, वय लहान आहे आणि दोन वर्षं हातात आहेत तर आयटीआयला जा, तिथे रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्याची जागा मोबाइलवरचा कोर्स घेऊ शकत नाही. ऑनलाइन वाट आहे ती ज्यांचं आयटीआय हुकलं, घरची जबाबदारी आहे, वायरिंगचं किंवा गॅरेजचं काम करता करता हे शिकायचंय, त्यांच्यासाठी.

## टप्पा २: कोर्स निवडताना चार गोष्टी तपासा

पैसे भरायच्या आधी फुकट काय आहे ते बघा. केंद्र सरकारच्या भारत स्किल्स पोर्टलवर आयटीआयच्या ट्रेडचा अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि व्हिडिओ आहेत. चेन्नईची निमी ही संस्था आयटीआयची थिअरी आणि प्रॅक्टिकलची पुस्तकं काढते, ती या कामाला पाया म्हणून उत्तम, प्रॅक्टिकलचं पुस्तक तर नक्की घ्या. स्किल इंडिया डिजिटल हबवर छोटे कोर्स मिळतात. इंग्रजी वाचता येत असेल तर डॅनफॉस लर्निंगवर रजिस्टर करून फुकट धडे करता येतात, आणि त्यांचं रेफ टूल्स नावाचं अ‍ॅप आहे ते टप्पा ५ ला लागणार आहे.

आता कोणताही कोर्स, फुकट असो की पैशाचा, घेताना हे बघा:

१. शिकवतात ते मशीन २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवरचं आहे का, आणि स्प्लिट एसी आहे का.
२. वीज गॅसच्या आधी शिकवतात का. अनुक्रमणिका उघडून बघा. तिसऱ्याच धड्यात गॅस चार्जिंग असेल तर पुढे जा.
३. आर-३२ (आताच्या एसीतला गॅस) आणि इन्व्हर्टर एसी (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त होणारा) आहे का. फक्त आर-२२ या जुन्या गॅसवर थांबलेला कोर्स आज घेण्यात अर्थ नाही.
४. प्रॅक्टिकल कुठे होणार. मुंबई-पुण्याला आठ दिवस राहावं लागणार असेल तर राहण्या-जेवणाचा खर्च फीमध्ये धरून हिशोब करा.

सावधान: अमेरिकन व्हिडिओ खूप छान असतात, मी पण बघतो, पण तिकडच्या घरगुती सिस्टिममध्ये थर्मोस्टॅटची कंट्रोल वायर २४ व्होल्टची असते. तो माणूस बिनधास्त हाताने वायर जोडताना दिसतो. आपल्याकडच्या स्प्लिटमध्ये इनडोअर-आऊटडोअरच्या मधल्या टर्मिनलवर सरळ २३० येतात. त्याचं बघून हात घातलात तर जीव जाईल. तसंच त्यांच्या अभ्यासक्रमात अर्धा भाग फर्नेसचा, म्हणजे गॅस जाळून घर गरम करायच्या भट्टीचा असतो, तो आपल्या किनाऱ्यावर कुठे लागणार? आपल्याकडे गरमचं काम म्हणजे गीझर, हॉटेलातला पाणी तापवायचा हीट पंप, नाहीतर हॉट-कोल्ड एसी.

सावधान: ईपीए ६०८ नावाचं सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणून जाहिराती येतात. ते अमेरिकेत गॅस हाताळण्यासाठीचं आहे, तिथल्या कायद्याप्रमाणे. कुडाळला नोकरी करायला त्याची गरज नाही.

सावधान: "१०० टक्के जॉब गॅरंटी" आणि "आज रात्री १२ पर्यंतच ऑफर" या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की फोन ठेवून द्या.

## टप्पा ३: सामान जमवा, पण गेज अजून घेऊ नका

रेंजची सोय आधी. वाडीत रेंज नाही, सड्यावर गेलं की येते, अशी बऱ्याच गावांची स्थिती आहे, आणि पावसात लाइट गेली की टॉवरचीही खात्री नसते. म्हणून आठवड्याचे धडे बाजाराच्या दिवशी डाऊनलोड करून ठेवायचे. लाइव्ह क्लासवालाच कोर्स घेतला असेल तर रेकॉर्डिंग मिळणार का, किती दिवस राहणार, हे फी भरायच्या आधी लेखी विचारून घ्या.

दुसरं, एक दोनशे पानी वही. धडा बघताना काय समजलं ते नाही लिहायचं, काय मोजलं ते लिहायचं. तारीख, मशीन, आकडा.

तिसरं, हत्यारं. सुरुवातीला एवढंच पुरतं: कॅपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला आणि फिरायला मदत करणारा भाग) मोजणारा मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर (वायरभोवती लावून करंट मोजणारा), चांगला टेस्टर, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरचा सेट, दोन अ‍ॅडजस्टेबल पाने, आणि रबरी सोलचे बूट. मीटर स्वस्तातला घेऊ नका, तुमचा जीव त्याच्या भरवशावर असतो.

चौथं म्हणजे एक मेलेलं मशीन. भंगारवाल्याकडे जुना विंडो एसी किंवा फ्रिज मिळतो, तो घरी आणून पडवीत ठेवा. हे मशीन तुमचा खरा वर्ग आहे. फक्त त्यातला गॅस आधी मिस्त्रीकडून काढून घ्या, स्वतः पाइप कापू नका. फ्रिजच्या पाटीवर आर-६००ए किंवा आर-२९० लिहिलेलं असेल तर ते पेट घेणारे गॅस आहेत, चुलीच्या गॅससारखेच.

गेज, व्हॅक्यूम पंप, गॅसचा बाटला यातलं काहीही या टप्प्यात घ्यायचं नाही. हातात गेज असलं की प्रत्येक बिघाड गॅसचाच वाटायला लागतो.

## टप्पा ४: वीज, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

गेल्या मे महिन्यात तारकर्लीला एका होमस्टेवर गेलो होतो. वहिनी सांगत होत्या, आठ दिवसांत एका मुलाने दोनदा गॅस मारला, दोन दिवस थंड होतो, मग दुपारी बंद पडतो. मी गेज लावलंच नाही. आऊटडोअरचा पंखा बघितला, फिरत होता पण आळसावल्यासारखा. त्याचा कॅपॅसिटर काढला, वरती लिहिलेलं २.५ मायक्रोफॅरड (कॅपॅसिटर मोजायचं एकक), मीटरवर आला १.१. पंखा हळू, म्हणून कंडेन्सरची (आऊटडोअरमधल्या गरम कॉइलची) गरमी बाहेर जाईना, म्हणून प्रेशर चढून कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप, आणि त्यात वर जास्तीचा गॅस. बिघाड बारक्याशा कॅपॅसिटरचा, आणि त्यासाठी दोन गॅसचे पैसे गेले. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला ज्या क्रमाने शिकवलं त्या क्रमाने त्याने बघितलं.

मी ज्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकलो ते मालवणीत एकच सांगायचे, "आधी करंट बघ, मगे गॅसाचा बघू." तर करंट बघायला असं शिका.

४.१ व्होल्टेजची नोंद. सात दिवस घरच्या सॉकेटवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सातला व्होल्टेज मोजा आणि लिहा. वाडी लाइनच्या टोकाला असेल तर संध्याकाळचा आकडा बघून तुम्हालाच कळेल की मुंबईला चालणारा एसी तुमच्या आत्तेकडे का ट्रिप होतो. याच सवयीने मीटर हातात बसतो.

४.२ कॅपॅसिटर. मेन बंद, प्लग बाहेर, तरीही कॅपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची पद्धत सगळीकडे दिसते, ती शिकू नका. वीस हजार ओहम, पाच वॅटचा एक रेझिस्टर घ्या, त्याला दोन इन्सुलेटेड क्लिप लावा, पाचेक सेकंद टोकांना लावून धरा, मग मीटरने व्होल्टेज शून्य आलंय ते बघा, आणि मगच मायक्रोफॅरड मोजा. कॅपॅसिटरच्या अंगावर टॉलरन्स छापलेला असतो, बहुतेक वेळा पाच टक्के. त्याच्या खाली गेला की बदला, फुगलेला असेल तर मोजत बसू नका.

४.३ कॉम्प्रेसरची वाइंडिंग, म्हणजे आतल्या मोटरची तारेची गुंडाळी. भंगारातल्या कॉम्प्रेसरवर हे वीस वेळा करा. तीन पिना असतात, कॉमन, स्टार्ट, रन. कुठली कुठली आहे ते लिहिलेलं नाही असं धरून शोधा. दोन-दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा, समजा आले २, ३ आणि ५ ओहम. सगळ्यात मोठा आकडा, ५, हा स्टार्ट आणि रनच्या मधला, म्हणून उरलेली पिन कॉमन. कॉमनपासून कमी येतो ती रन, जास्त येतो ती स्टार्ट. आणि २ अधिक ३ बरोबर ५ यायलाच पाहिजे, बेरीज चुकली तर वाइंडिंगमध्ये दोष किंवा तुमचं मोजणं चुकलंय. शेवटी प्रत्येक पिन ते बॉडी मोजा, तिथे काहीही दाखवायला नको.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला हा हिशोब लावू नका. तिथे तिन्ही जोड्यांचा आकडा सारखा यायला हवा. हे माहीत नसल्यामुळे चांगला कॉम्प्रेसर "गेला" म्हणून सांगितलेला मी बघितलाय.

४.४ सर्किट हाताने काढा. आऊटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वायरिंग डायग्राम चिकटवलेला असतो. त्याचा फोटो घ्या आणि वहीत पेन्सिलीने काढा. दहा वेगवेगळ्या मशीनचे काढले की कुठलाही डायग्राम वाचता येतो.

४.५ अर्थिंग. सॉकेटवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. जवळजवळ सारखे यायला हवेत. जुन्या घरात अर्थची पिन नुसती नावाला असते, ते बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

सावधान: इन्व्हर्टर एसीच्या आऊटडोअर पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर) मेन बंद केल्यावरही काही मिनिटं तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असू शकतात. झाकणावर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढं थांबा, मग मोजून खात्री करा.

तपासा, मगच पुढे जा: मीटर बघून डायल न शोधता योग्य रेंज लावता येते का? कॅपॅसिटर, वाइंडिंग, रिले, सेन्सर हे चारही न विचारता तपासता येतात का? नसेल तर अजून पंधरा दिवस इथेच.

पावसाळ्यात एक गोष्ट इथे हमखास बघायला मिळते, पीसीबीवर चिकटून मेलेली पाल आणि रिलेमध्ये गेलेल्या मुंग्या. बोर्ड जळला म्हणून नवा टाकायच्या आधी आजूबाजूला हे बघायची सवय लावा.

## टप्पा ५: कूलिंग सायकल

चार भाग, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी (प्रेशर उतरवणारी बारीक नळी) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर (इनडोअरमधली गार कॉइल). हे पाठ सगळ्यांना असतं. अडतं कुठे ते सांगतो.

पुस्तकात बारीक पाइप म्हणजे लिक्विड लाइन, आणि ती कोमट. पोरं घरच्या स्प्लिटच्या बारीक पाइपला हात लावतात तर गार! मग गोंधळ. कारण बहुतेक स्प्लिटमध्ये कॅपिलरी आऊटडोअरमध्येच असते, म्हणजे भिंतीतून इनडोअरकडे येणाऱ्या बारीक पाइपमधला गॅस आधीच थंड झालेला असतो. म्हणून तर दोन्ही पाइपांना इन्सुलेशन वेगवेगळं चढवायचं असतं. चित्र आणि मशीन जुळवून बघा, एक्स्पान्शन कुठे होतंय ते शोधा, अर्धी सायकल तिथेच समजते.

दुसरं प्रेशर आणि तापमान. रेफ टूल्स अ‍ॅप उघडा आणि गॅस बदलून बदलून बघा. ५ अंश सेल्सिअसला आर-२२ चं प्रेशर साधारण ७० पीएसआय (प्रेशरचं एकक), आर-४१०ए चं १२०च्या आसपास, आर-३२ चं १२३. तापमान तेच, आकडे वेगळे. जुन्या मिस्त्रीकडून "सक्शन साठ-सत्तरला ठेव" (सक्शन म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणारी लाइन) ऐकलेला पोरगा आर-३२ च्या मशीनला सत्तर दिसले की बरोबर आहे समजून निघून येतो, आणि मशीनमध्ये गॅस अर्धा पण नसतो. उलटं पण होतं.

मग सुपरहीट. आर-३२ ला गेजवर १२३ आहे म्हणजे आत गॅस ५ अंशाला उकळतोय, आणि सक्शन पाइपवर थर्मामीटर दाखवतोय १२ अंश, तर सुपरहीट ७. एवढंच आहे ते, नावाला घाबरू नका. अ‍ॅपवर रोज पाच गणितं करा, कागदावर.

टनचा हिशोब पण इथेच करून टाका: १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट गरमी खोलीतून बाहेर काढणं. ही विजेची किलोवॉट नव्हे, वीज त्याच्यापेक्षा बरीच कमी लागते.

## टप्पा ६: पाइप, फ्लेअर, ब्रेझिंग

हे ऑनलाइन बघता येतं, पण शिकता येत नाही. पाव इंची कॉपरचे तुकडे मिस्त्रीकडे भंगारात पडलेले असतात, मागून आणा आणि पन्नास फ्लेअर करा.

कटर हळू फिरवा, प्रत्येक फेरीला थोडाच दाब, नाहीतर पाइप चपटा होतो. कापल्यावर आतली बर (आत वळलेली धारदार कड) रीमरने काढायची, आणि काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं म्हणजे कीस आत पडत नाही. नट आधी घाला, हे सगळेच विसरतात. पाइप डायच्या वर किती ठेवायचा ते टूलप्रमाणे बदलतं, टूलवरची सूचना वाचा. शंकूला तेलाचा एक थेंब. फ्लेअर झाला की उजेडात फिरवून बघा: कड गोल, सारखी रुंद, आतून आरशासारखी, चीर नाही. अंगठ्याच्या नखाने कड चाचपा, नख कुठे अडकलं तर तो फ्लेअर कापून टाका. त्याच जागी पुढे गॅस गळणार आहे.

घट्ट करताना दोन पाने, एक धरायला एक फिरवायला. जोर लावला म्हणजे लीक थांबतं असं नाही, जास्त पिळला की फ्लेअर फाटतो. टॉर्क रेंच मिळाला तर त्याच्यावरच हात बसवा.

ब्रेझिंग एकट्याने शिकू नका. आधी मिस्त्रीसमोर, मोकळ्या हवेत, गॅस पूर्ण काढलेल्या पाइपवर.

सावधान: प्रेशर टेस्ट फक्त नायट्रोजनने आणि रेग्युलेटर लावून. ब्रेझिंगच्या ऑक्सिजनच्या बाटल्याने कधीच नाही, तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

सावधान: आत गॅस असताना पाइपवर फ्लेम लावायची नाही. विषारी वायू तयार होतो, आणि आर-३२ पेट पण घेतो.

## टप्पा ७: मिस्त्रीबरोबर बाहेर पडा

कोण घेणार बरोबर, हा प्रश्न सगळे विचारतात. मिस्त्रीला फोन करून "शिकायचंय" म्हणू नका. जानेवारीत दुकानात जा आणि सांगा, "काका, सीझनच्या आधी सर्व्हिसला मी येतो, जेट पंप आणि शिडी मी उचलतो, मीटर लावता येतो." शेवटच्या तीन शब्दांनी दार उघडतं. वही बरोबर न्या, दाखवा. पहिले आठ-पंधरा दिवस फक्त धुणं मिळेल, ते मनापासून करा, कारण किनाऱ्यावरच्या निम्म्याहून जास्त कंप्लेंट स्वच्छतेच्याच निघतात, हा माझा अनुभव आहे.

इथे काय काय डोळ्यात साठवायचं:

खारं वारं. मिऱ्या, मालवण, वेंगुर्ला, हर्णै, जिथे आऊटडोअरचं तोंड समुद्राकडे आहे तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या पांढऱ्या पडतात आणि बोट लावलं की पीठ होतं. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी साध्या गोड्या पाण्याने, कमी दाबाने, सरळ रेषेत धुवायचं. अ‍ॅसिडचं केमिकल मारणारे आहेत, एकदा चकाचक दिसतं आणि कॉइलचं आयुष्य संपतं.

चिऱ्याची भिंत. जांभा मऊ असतो, त्यात अँकर फास्टनर ठोकला की आज घट्ट वाटतो आणि दोन पावसाळ्यांनी ढिला होतो. आऊटडोअरचं वजन आणि कंप्रेसरची थरथर. आरपार बोल्ट आणि मागून पत्र्याची प्लेट, नाहीतर सरळ जमिनीवर स्टँड.

ड्रेनचा उतार. आपल्याकडची दमट हवा, दीड टनाचा एसी पाणी भरपूर काढतो. पाइपला कुठेही पोट आलं की इनडोअरमधून पाणी गळतं. लावताना तांब्याभर पाणी ओतून बघायचं.

रोज घरी आल्यावर वहीत लिहा: कंप्लेंट काय होती, मिस्त्रीने पहिलं काय तपासलं, आकडा किती आला, निघालं काय. चाळीस नोंदी झाल्या की तुम्हाला तुमची प्रगती दिसते.

सावधान: मच्छी आणि बर्फाच्या कारखान्यात बोलावलं तर लगेच हात घालू नका. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो, ते काम वेगळं, त्याचं ट्रेनिंग वेगळं. वास आला तर बाहेर पळायचं, वारा जिकडून येतोय त्या बाजूला.

## टप्पा ८: आता व्हॅक्यूम आणि गॅस

आता कुठे गेज हातात घ्या. क्रम एकच, आणि तो तोडायचा नाही: लीक शोधणे, दुरुस्त करणे, नायट्रोजनने प्रेशर धरून बघणे, व्हॅक्यूम, मग वजनाने गॅस.

लीक न शोधता गॅस मारणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक आहे, बंद सर्किटमध्ये गॅस "संपत" नाही, तो कुठून तरी गेलेला असतो. साबणाचं पाणी आणि धीर, दोन्ही लागतात.

गेजचा काटा खाली टेकला म्हणजे व्हॅक्यूम झाला असं नाही. आत ओल राहिली आहे का ते काटा सांगत नाही, त्यासाठी मायक्रॉन गेज (अगदी बारीक व्हॅक्यूम मोजणारा) लागतो. ५०० मायक्रॉनच्या खाली न्या, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा, दहा मिनिटं बघा. थोडा चढून थांबला तर ओल बाकी आहे, चढतच राहिला तर लीक. पावसाळी हवेत पाइप उघडा राहिला असेल तर वेळ जास्त लागतो, तो द्या.

गॅस पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमप्रमाणे, वजनकाट्यावर. आर-४१०ए मिश्रण आहे, तो लिक्विडमध्येच भरायचा. आर-३२ एकच गॅस आहे, पण पेट घेणारा आहे, त्यामुळे दारं-खिडक्या उघड्या, आसपास विडी-सिगरेट नाही, अगरबत्ती पण नाही. आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये आर-३२ किंवा आर-२९० घालून देणारे लोक आहेत, ते मशीन त्यासाठी बनवलेलंच नाही, हे काम कितीही पैसे दिले तरी करू नका.

## टप्पा ९: सर्टिफिकेट आणि नोकरी

सर्टिफिकेट घ्या, पण ते कोणाचं आहे ते बघा. त्यावर एनएसक्यूएफची (कौशल्यांच्या सरकारी श्रेणीची) लेव्हल आहे का, देणारी संस्था एनसीव्हीईटीने (कौशल्य शिक्षणाच्या केंद्र सरकारच्या परिषदेने) मान्य केलेली आहे का, क्यूआर कोड स्कॅन केल्यावर सरकारी पोर्टल उघडतं का. आधीपासून हाताखाली काम करत असाल तर आरपीएल म्हणजे आधीच्या शिक्षणाची मान्यता, यात परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळू शकतं, जवळच्या केंद्रात चौकशी करा. अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा, तिथून कंपनीत स्टायपेंडवर शिकता येतं.

अर्ज कुठे? लोटे, महाड, मिरजोळे, कुडाळ इथल्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची मेंटेनन्स खाती, गणपतीपुळे-तारकर्ली-अलिबागची हॉटेलं, आंबे पिकवायची रायपनिंग चेंबर, ब्रँडची सर्व्हिस सेंटर्स, आणि सावंतवाडीवाल्यांना गोवा जवळ आहे. मुलाखतीला सर्टिफिकेटच्या आधी वही टेबलावर ठेवा.

आखातात जायचं असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी असलेला आहे का ते स्वतः शोधून बघा, आणि तोपर्यंत पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका.

## टप्पा १०: पहिली एकट्याची कंप्लेंट

गाडीवरून उतरल्यावर हा क्रम, पाठ करून जा:

१. घरच्यांना विचारा, कधीपासून, काय बदललं, आधी कोण येऊन गेलं.
२. फिल्टर आणि ब्लोअर बघा.
३. व्होल्टेज, मग क्लॅम्पने अँपिअर, आणि पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा.
४. आऊटडोअरचा पंखा, कॉइल, कॅपॅसिटर.
५. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान. फरक ८ ते १२ अंशांचा असेल तर मशीन सहसा ठीक आहे, खोली मोठी आहे किंवा दार उघडं राहतंय.
६. फ्लेअरच्या सांध्यांवर तेलाचा डाग आहे का.
७. एवढं सगळं झाल्यावर गेज.

काही सापडलं नाही तर "उद्या मिस्त्रींना घेऊन येतो" म्हणा आणि त्या दिवशी पैसे घेऊ नका. आणि निघायच्या आधी आऊटडोअरच्या झाकणाच्या आत एक छोटा स्टिकर लावा, तारीख, व्होल्टेज, अँपिअर, प्रेशर. पुढच्या वर्षी तिथे जो जाईल त्याला, बहुतेक तुम्हालाच, सुरुवात कुठून करायची ते कळेल.